पाणथळ, चिबड आणि तेर

पाणथळ जमिनींच्या पुनरुज्जीवनाचा अभ्यासक्रम आखताना आरंभीच इतिहासाचा प्रश्न उपस्थित होतो : पुनरुज्जीवन कोणत्या काळच्या स्थितीचे? तेरणाकाठचे तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधील तगर. येथील उत्खननांत मिळालेल्या मृण्मूर्ती काय, किंवा संत गोरोबाकाकांचा कुंभारव्यवसाय काय, दोहोंना चिकण मातीच हवी. मराठीने ‘पाणथळ’ आणि ‘चिबड’ हे शब्द निराळे राखले आहेत. पहिला जमिनीचा स्वभाव सांगतो. दुसरा, बहुधा अतिसिंचनाने जडलेली विकृती. १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या मानवनिर्मित पाणथळींनाही सामावून घेते. त्या दृष्टीने तेरणेवरील धरणाच्या जलाशयाचा उथळ काठही पाणथळच ठरतो. परंतु जुना नदीकाठ तो नव्हे. म्हणून, आमच्या मते, विद्यार्थ्याने नकाशा हाती घेण्यापूर्वी कुंभार व शेतकरी यांच्या तोंडचे मातीचे शब्द टिपून घ्यावेत.