ओरखडे पाडून मिळतील

आमच्या घराण्याचा आणि संगीताचा संबंध आजोबांच्या पूजेतल्या घंटेपुरता. मध्यंतरी शाळकरी वयात मी बाजाची पेटी शिकायला घेतली होती, पण ती शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर सोडली. त्यामुळे आमचे चिरंजीव (वय वर्षे एकतीस, काम संगणकावर, नेमकं काय ते मी विचारत नाही आणि तोही सांगत नाही) एका रविवारी चहा पिता पिता म्हणाले, "बाबा, मी गिटार बनवणार आहे," तेव्हा मी 'वाजवणार आहे' असं ऐकलं आणि दचकलो. 'बनवणार' हे नीट कळल्यावर निर्धास्त झालो. आमच्या घरात बनवायला घेतलेल्या वस्तू सहसा पूर्ण होत नाहीत.

"आणि माळ्यावरच्या पलंगाची एक फळी लागेल."

मी पुन्हा दचकलो.

तो पलंग आजोबांनी करून घेतलेला, अस्सल शिसवी. माझे वडील शेवटची तीन वर्षं त्याच पलंगावर होते. पुढे वाडा पडला, आम्ही फ्लॅटमध्ये आलो, आणि ज्या पलंगाला वाड्याचा दरवाजा कधी अडला नाही तो फ्लॅटच्या जिन्यात अडला. शेवटी सुटा करून माळ्यावर टाकला. 'एकदा सुतार बोलावून जोडू' असं मी गेली बावीस वर्षं म्हणतो आहे.

"अख्खा पलंग नको. दीड फूट लांब, सव्वादोन इंच रुंद, पाव इंच जाड, बस्स! बोटं फिरतात ती वरची पट्टी करायची आहे. बाकीचं लाकूड बाहेरून मागवलंय."

"विचार करतो," मी म्हणालो. आमच्या घरात याचा अर्थ 'नाही'. पण पोरगं माझंच. त्याने वाद घातला नाही. रोज रात्री जेवताना तो मला विजेच्या गिटारचा इतिहास सांगू लागला. माणूस इतिहासात एकदा गुंतला की माळ्याची किल्ली देतो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

तर हा इतिहास असा. पूर्वी वाद्यवृंदात गिटारवाल्याची अवस्था लग्नातल्या मुलाकडच्या दूरच्या काकांसारखी असे. उपस्थित आहेत, पण आवाज कोणाला ऐकू येत नाही. ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात सहा तारांचं कोण ऐकतो? मग १९३१ साली अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्प नावाच्या वादकाने तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात बारीकशी वीज उठते. ती मोठी करून भोंग्यातून सोडायची. युक्ती एवढीच. पहिलं वाद्य मांडीवर आडवं ठेवून वाजवायच्या हवाईयन पद्धतीचं होतं. आपल्याकडे रेडिओवर सिनेमातल्या गाण्यांच्या धुना जिच्यावर वाजायच्या, त्या हवाईयन गिटारचं हे नात्यातलंच. दिसायला लांब दांड्याचा तवा. लोकांनी नावही 'फ्राइंग पॅन' असंच ठेवलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

पुढे पोकळ गिटारवर हे यंत्र बसवलं, पण आवाज चढवला की ती स्वतःच किंचाळू लागे. भोंग्यातला आवाज पोकळीत शिरे, पोकळी थरथरे, की पुन्हा भोंगा. दोन जावांचं भांडण जसं कोणी काही न बोलताही वाढतं, तसं. उपाय एकच, पोकळी नको! लेस पॉल नावाच्या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंची चौकोनी ओंडक्यालाच तारा जोडल्या आणि लोकलाजेस्तव दोन्ही बाजूंना गिटारचे कापलेले अर्धे भाग चिकटवले. गिब्सन कंपनीवाल्यांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. त्याच कंपनीने १९५२ साली त्याच लेस पॉलच्या नावाची गिटार बाजारात आणली, ही गोष्ट चिरंजीवांनी मला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना माळ्याकडे बघत.

पण खरा नायक लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागांच्या मुलखात १९०९ साली जन्मला, हिशेबनीस झाला, मंदीत नोकरी गेली, आणि १९३८ साली फुलर्टन गावात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावचे वादक बिघडलेले अँप्लिफायर घेऊन येत आणि हा उघडून बसे. याला स्वतःला गिटार अजिबात वाजवता येत नव्हती! हे ऐकल्यापासून हा गृहस्थ मला आपला वाटू लागला. गाता येत नाही म्हणून गाण्यावर बोलणारे आपल्याकडे पैशाला पासरी. वाजवता येत नसून वाद्यच सुधारून दाखवणारा हा एकटा.

लिओचं डोकं दुरुस्तीवाल्याचं. वस्तू बिघडणारच, हे धरूनच तो ती बनवी. जुन्या गिटारची मान सरसाने चिकटवलेली असे. ती मोडली की गिटार महिनाभर कारागिराच्या घरी. लिओने मान चार स्क्रूंनी आवळली. मोडली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. अंग म्हणजे पावणेदोन इंच जाडीची सपाट फळी, त्यात यंत्र बसवायला दोन-तीन खळगे. १९५० च्या शेवटी या गिटारला 'ब्रॉडकास्टर' नाव दिलं, तर ग्रेश कंपनी उठली की हे आमच्या ढोलाचं नाव आहे. छापून ठेवलेली लेबलं फुकट घालवणं हिशेबनिसाच्या जिवावर आलं असणार. त्यातला 'ब्रॉडकास्टर' शब्द कात्रीने छाटून उरलेलं 'फेंडर' एवढंच चिकटवत १९५१ चे काही महिने काढले. ती बिननावाची गिटार आज सर्वांत महाग असलेल्यांपैकी एक. मग टेलिव्हिजन नवा होता म्हणून 'टेलिकास्टर' नाव पडलं, ते आजतागायत चालू आहे.

रंगाची कथा तर थेट आमच्या गल्लीत येऊन पोचते. ड्यूपाँ ही अमेरिकन कंपनी मूळची बंदुकीच्या दारूची. त्या दारूच्या चुलतभावापासून, म्हणजे नायट्रोसेल्युलोजपासून, तिने १९२०-३० च्या दशकात मोटारींचा रंग केला. आधी मोटार रंगवून वाळायला आठवडेच्या आठवडे लागत, हा रंग बघता बघता वाळे. त्याचं नाव 'ड्यूको'. फेंडरच्या कारखान्यात गिटारींना हेच मोटारींचे रंग मारत. फिएस्टा रेड म्हणून जो प्रसिद्ध लाल रंग आहे तो १९५६ च्या फोर्ड थंडरबर्ड गाडीचा. जादा रंगाला पाच टक्के जादा. आणि आपल्याकडे? गॅरेजवाला असो की कपाट रंगवणारा, आजही कंपनीचं नाव न बघता म्हणतो, "साहेब, ड्यूको मारू का?"

एवढं झालं तरी मी किल्ली दिली नव्हती. ती दिली टाडेओ गोमेझमुळे. हा फेंडरच्या कारखान्यात गिटारींच्या माना घडवणारा कामगार. मान तयार झाली की टोकाला पेन्सिलीने 'टी. जी.' आणि तारीख लिहायचा. ते टोक अंगात बसलं, वरून चार स्क्रू आवळले, की अक्षरं दिसेनाशी. पन्नास-साठ वर्षांनी कोणी गिटार उघडतो तेव्हा गोमेझ पुन्हा भेटतो. हे ऐकलं त्या रात्री सगळे झोपल्यावर मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो. आमच्या पलंगाच्या सुताराने काही लिहिलं असेल का, एवढंच बघायचं होतं. नाव नव्हतं. उशाकडच्या फळीच्या आतल्या बाजूला, सांध्याशी, पटाशीने मारलेल्या तीन उभ्या रेघा होत्या. तिसरा खूर, तिसरी खाच, असा काहीतरी हिशेब असावा. आणि वरच्या कडेला, उजवीकडे, चार बोटं रुंदीचं पॉलिश पार गेलेलं. उठताना वडील तिथे हात टेकत. मी बराच वेळ त्या जागेवर हात ठेवून बसलो. मग हिने खालून विचारलं, "कोण आहे?" तेव्हा उतरलो.

सकाळी फळी मीच खाली काढली. चिरंजीवांनी ती उलटसुलट पाहिली, त्या पॉलिश गेलेल्या जागेशी थांबला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "डाव्या बाजूने कापू." तीन रेघा मात्र त्याच तुकड्यात आल्या. त्या आता पट्टीच्या पाठीला, सरसाखाली आहेत.

पुढचे चार महिने आमची गॅलरी भुशाने भरली. ते सगळं सांगत नाही, हिने कॉलनीत सांगितलंच आहे. थेट रंगावर येतो. आम्ही दोघं ते लाकडी धूड घेऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाला मोटारींचे पत्रे ठोकून रंगवण्यात मुरलेला. त्याने अस्तर मारलं, पाणकागद घासला, लाल रंगाचे हात मारले, वर लॅकर, मग कंपाउंड लावून असं चकाकवलं की मला त्यात माझं टक्कल दिसलं.

"वा!" मी म्हणालो.

"आता याला जुनी करायचीय," चिरंजीव म्हणाले. "इथे कोपराजवळ रंग उडवायचा, कडांना ठोके, मागे पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे."

गॅरेजवाल्याने माझ्याकडे पाहिलं. पोराची तब्येत बरी आहे ना, असं ते पाहणं होतं.

यालाही इतिहास आहे. आयर्लंडच्या रॉरी गॅलाघरकडे १९६१ ची फेंडर होती. त्याने ती इतकी वाजवली, आणि त्याला घाम असा, की तिचा बहुतेक सगळा रंग गेला. अशा जुन्या गिटारींच्या किमती आभाळाला भिडल्या. शिवाय १९६५ साली लिओने कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली, तेव्हा त्याआधीच्या गिटारी म्हणजे गंगाजळ आणि नंतरच्या म्हणजे नळाचं पाणी, अशी भक्तांत वाटणी झाली. मग १९९५ पासून फेंडर कंपनीच नव्या गिटारी खरवडून, गंजवून, 'रेलिक' या नावाने विकू लागली. रॉरीच्या गिटारची नक्कल तर त्याच्या घामाने जिथे रंग गेला तिथेच रंग काढून मिळते. साध्या नव्या गिटारहून महाग, हे सांगायला नको. लिओ १९९१ सालीच वारला, हे त्या हिशेबनिसाच्या दृष्टीने बरंच झालं.

मी हे सगळं गॅरेजवाल्याला समजावून सांगितलं. त्याने हात पुसले. "साहेब, ओरखडे काढायचे पैसे घेतो मी. पाडायचे घेत नाही. कोणी बघितलं तर धंदा बसेल माझा."

"मी घरी करीन," चिरंजीव म्हणाले.

घरी आल्यावर तारा चढल्या, अँप्लिफायर जोडला, आणि तो जे काय वाजवतो ते वाजवू लागला. खालच्या मजल्यावरून तिसऱ्या दिवशी विनंती आली, म्हणजे परंपरा अबाधित आहे. पाणकागद टेबलावर आणून ठेवला होता. तो तिथेच राहिला. आज करतो, उद्या करतो. पोरगं माझंच.

परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. मी गिटार मांडीवर घेतली. वाजवायला नव्हे, वजन बघायला. शिसवीच्या पट्टीवर बोट फिरवलं. थंड, गुळगुळीत, ओळखीचं वाटलं. एवढ्यात दारावरची बेल वाजली, मी घाईने उठलो, आणि खिशातल्या किल्ल्यांच्या जुडग्याने त्या चकचकीत लाल पाठीवर इंचभर पांढरी रेघ उमटली.

मी गिटार होती तशी भिंतीला टेकवून ठेवली. रात्री चिरंजीवांनी ती उचलली, उलटी केली आणि दिव्याखाली धरली. मी वर्तमानपत्र जरा उंच धरलं. दोन-तीन मिनिटं घरात कोणीच काही बोललं नाही.

"बाबा," तो म्हणाला, "चांगला पडलाय."