दंडवते, मधु

(२१ जानेवारी १९२४ – १२ नोव्हेंबर २००५). लोकशाही समाजवादाचे भाष्यकार, विख्यात संसदपटू आणि भारताचे रेल्वेमंत्री व अर्थमंत्री. जन्म अहमदनगर येथे. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून भौतिकशास्त्राची एम्.एस्सी. पदवी घेतल्यावर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने स्थापिलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ त्या विषयाचे अध्यापन केले. गृहीत धरलेली गोष्ट पुराव्याच्या कसोटीवर घासून घेण्याची तेथे अंगवळणी पडलेली शिस्त पुढे त्यांच्या संसदीय वक्तृत्वाचाही पाया ठरली. १९४२ चे ‘छोडो भारत’ आंदोलन, १९५५ चा गोवामुक्ती सत्याग्रह आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांत त्यांचा सहभाग होता. पत्नी प्रमिला याही समाजवादी चळवळीतील अग्रणी असून १९८० साली मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या होत्या.

बॅरिस्टर नाथ पै यांच्या अकाली निधनानंतर, १९७१ मध्ये, दंडवते पैंच्याच कोकणातील राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ या पुढील चारही निवडणुकांत तेथील जनतेने त्यांच्यावरच विश्वास टाकला. त्यांतही १९८४ साली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या लाटेत विरोधी पक्षांची दाणादाण उडाली असता, राजापूरने आपला खासदार बदलला नाही, हे विशेष होय. १९९१ मध्ये मात्र ते पराभूत झाले. नियमावलीवरील प्रभुत्व, आकडेवारीची अचूकता आणि कठोरातील कठोर टीका करतानाही न ढळणारे सौजन्य, हे त्यांच्या वीस वर्षांच्या संसदीय कारकिर्दीचे विशेष होत.

आणीबाणीच्या प्रारंभी, जून १९७५ मध्ये, संसदीय समितीच्या कामासाठी बंगलोरला गेले असताना अटलबिहारी वाजपेयी व लालकृष्ण अडवाणी यांच्यासमवेत त्यांना अटक झाली. ते बंगलोरच्या तुरुंगात आणि प्रमिलाताई येरवड्यास, अशा स्थितीत पतिपत्नींचा संवाद केवळ पत्रांतून चालू राहिला.

मार्च १९७७ मध्ये जनता सरकारात रेल्वेखाते हाती येताच, १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा रुजू करून घेण्याचा निर्णय त्यांनी घेतला. सर्वसामान्य उतारूंना मात्र त्यांची कारकीर्द आठवते ती एका साध्या सुधारणेमुळे. दुसऱ्या वर्गाच्या उतारूने रात्रीच्या रात्री उघड्या लाकडी फळीवर अंग टाकावे, ही तोवर जणू निसर्गनियमासारखी मानली गेलेली रीत होती. दंडवत्यांनी त्या फळीवर सुमारे दोन इंच जाडीच्या फोमची गादी बसविण्याची तजवीज केली. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा मार्गावर सुरू झालेली ‘गीतांजली एक्स्प्रेस’ ही वर्गभेद नसलेली गाडी त्याच धोरणाचे फळ होय. वरच्याचे सुख हिरावून घेण्यापेक्षा खालच्याला वर उचलावे, ही त्यांची समतेची कल्पना येथे प्रत्यक्षात उतरली.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. १९९० च्या अंदाजपत्रकात त्यांनी लहान शेतकरी व कारागिरांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ करण्याची तरतूद केली, आणि सुवर्णनियंत्रण कायदा रद्द करण्याचीही घोषणा केली. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर चूल पेटणाऱ्या कोकणाला रेल्वे मिळावी, हा नाथ पै यांच्याप्रमाणेच त्यांचाही ध्यास होता. सरकारी तिजोरीला एकट्याने न पेलणारा हा खर्च केंद्र, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ यांच्या भागभांडवलातून आणि कर्जरोख्यांतून उभारावा, या योजनेनुसार १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्या वेळी रेल्वेखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे व अर्थखाते दंडवत्यांकडे असल्याने दोन्ही दप्तरांतील अडथळे एकाच निष्ठेने दूर झाले. रोहे ते मंगळूर हा मार्ग १९९८ मध्ये संपूर्णपणे खुला झाला. १९९६ ते १९९८ या काळात त्यांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद भूषविले.

त्यांच्या विचारसृष्टीत मार्क्स आणि गांधी हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हते. शोषणाची मीमांसा त्यांनी मार्क्सकडून घेतली, तर साध्याइतकेच साधनही शुद्ध असले पाहिजे हा आग्रह गांधींकडून घेतला. जयप्रकाश नारायण, साने गुरुजी व युसुफ मेहेरअली यांच्या संस्कारांनी त्या समन्वयाला ओलावा दिला. ‘मार्क्स अँड गांधी’ आणि ‘डायलॉग विथ लाइफ’ हे आत्मकथन, ही त्यांची महत्त्वाची इंग्रजी ग्रंथसंपदा होय. मुंबई येथे त्यांचे निधन झाले व इच्छेनुसार वैद्यकीय अभ्यासासाठी त्यांचे देहदान करण्यात आले. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला आले ते जेमतेम सव्वातीन वर्षे, आणि विरोधी बाकांवर गेली ती संसदेतील उरलेली सारी; तरीही दोन्हींकडे त्यांची भाषा व वर्तन यांत फरक पडला नाही, आणि यामुळेच भारतीय संसदीय परंपरेत त्यांचे स्थान आदर्शवत मानावे लागते.