घराचा दोष आणि विम्याची पोकळी : निर्मळ परिसरातील जबाबदारीचा इतिहास

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला वसलेले निर्मळ हे गाव शंकराचार्यांचे समाधिमंदिर, तळे आणि कार्तिक वद्य एकादशीची यात्रा यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु गेल्या अर्धशतकात वसई तालुक्यात घर बांधण्याची रीत कशी बदलली आणि त्यासोबत सदोष बांधकामाची जबाबदारी कोणाकडे सरकत गेली, हे समजून घेण्यासाठीही हा परिसर तितकाच महत्त्वाचा आहे. घरमालक स्वतः गवंडी आणि सुतार लावून घर बांधत असे, तेव्हा पाया भरताना तो समोर उभा असे आणि पुढे भिंतीला भेग पडली तर कोणाला जाब विचारायचा हे त्याला ठाऊक असे. सदनिका विकत घेणाऱ्या कुटुंबाला ही सोय उरली नाही, कारण गिलाव्याआडची सळई किती जाडीची आहे, काँक्रीटमध्ये सिमेंट किती आहे आणि वाळू खाडीची आहे की नदीची, हे ताबा घेताना दिसत नाही. खारट वाळूमुळे सळया गंजून काँक्रीट सुटू लागते, ते काही वर्षांनी.

या नव्या नात्याला नियमांत बांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियमाने, म्हणजेच ‘मोफा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने केला. त्याच्या कलम ७ नुसार ताबा दिल्यापासून तीन वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला दोष प्रवर्तकाने, म्हणजे इमारत बांधून विकणाऱ्याने, शक्य असेल तेथे जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यावा आणि ते शक्य नसेल तर वाजवी भरपाई द्यावी, असे ठरले. पुढे १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणीचा ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या व्याख्येत स्पष्ट समावेश झाला आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक प्राधिकरणेही या जबाबदारीतून सुटत नाहीत असा निर्णय दिला. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे ‘रेरा’ने, ही मुदत पाच वर्षांची केली आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती करण्याचे बंधन घातले. जबाबदारी अशी खरेदीदाराकडून विकासकाकडे गेली, पण विकासक दिवाळखोर झाला किंवा परागंदा झाला तर पैसे कोठून येणार, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हा प्रश्न विम्याने सुटेल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु भारतात घराचा विमा मुळात आग, भूकंप, पूर, वादळ अशा बाहेरून येणाऱ्या संकटांसाठी घडला. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत जमीन खचल्याने होणारे नुकसान धरले आहे. मात्र नव्या बांधकामाला सहज पडणाऱ्या भेगा आणि सदोष आराखडा, कारागिरी वा साहित्य यांमुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले आहे. म्हणजे जो दोष खरेदीदाराला तपासता येत नाही, नेमका त्याच दोषासाठी त्याचा दावा टिकत नाही.

फ्रान्सने १९७८ च्या स्पिनेटा कायद्याने वेगळा मार्ग काढला. तेथे बांधकाम सुरू होण्यापूर्वीच विमा घेणे सक्तीचे आहे. गंभीर दोष आढळला की विमा कंपनी आधी दुरुस्तीचा खर्च देते आणि नंतर दोषी कंत्राटदार वा वास्तुविशारद यांच्याकडून किंवा त्यांच्या विमा कंपन्यांकडून तो वसूल करते, त्यामुळे दोष कोणाचा हा वाद मिटेपर्यंत रहिवाशाला गळक्या छताखाली थांबावे लागत नाही. शिवाय ज्या इमारतीची भरपाई आपल्याला द्यावी लागू शकते, तिचे बांधकाम नीट व्हावे यात विमा कंपनीचेही हित गुंतते. रेराच्या कलम १६ मध्ये जमिनीचा हक्क आणि बांधकाम या दोन्हींसाठी विम्याची तरतूद आहे, परंतु शासन अधिसूचना काढील त्याप्रमाणेच ती लागू होते.

वसई-विरार पट्ट्यात ही पोकळी अधिक खोल आहे. १९९० मध्ये सिडकोकडे या उपप्रदेशाचे नियोजन आले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या चळवळीने वाड्या, तळी आणि गावांचे रक्षण करण्यासाठी लढा दिला, २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. तरीही रेल्वेच्या दोन्ही बाजूंना परवानगीविना इमारती उभ्या राहतच गेल्या. २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यातील अग्रवाल नगरीतील ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा बळी गेला. बेकायदा इमारतीची रेराखाली नोंदणी नसते आणि तिला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे वापरास योग्य असल्याचा दाखला, मिळत नाही. कायद्याने अधिकृत प्रकल्पाभोवती उभारलेली हमीची व्यवस्था तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि सर्वांत धोक्याचे घर सर्वांत असुरक्षित राहते.

या साठ वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष असा की कायद्याने दोषाची मुदत वाढवली, पण भरपाईच्या पैशाची तरतूद केली नाही. कलम १६ मधील बांधकामाचा विमा प्रत्यक्षात सक्तीचा करणे आणि परवानगीविना पाया खणला जातो तेव्हाच तो थांबवणे, ही दोन्ही कामे एकत्र झाली, तरच निर्मळ परिसरात आयुष्याची कमाई घालून घर घेणाऱ्या कुटुंबाला कायद्यातील हक्काचा खरा उपयोग होईल.