आधी चर, मग घर

आमच्या चौक गावच्या टेकडीवर, जंजिरे धारावीच्या पडक्या बुरुजापाशी उभं राहिलं की समोर वसईची खाडी आणि पलीकडे वसईचा किल्ला दिसतो. मार्च 1739 मध्ये मराठ्यांनी धारावी घेतली, मे महिन्यात वसई पडली. या मोहिमेचं नेतृत्व केलेल्या चिमाजीअप्पांचं स्मारक पाहायला लोक इथे येतात आणि पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. मला मात्र तिथे दरवेळी त्या मोहिमेचा हिशेब आठवतो. दसऱ्याला बाहेर पडायचं आणि मृगाच्या आत काम आटपायचं. पाऊस लागला की दारूगोळा भिजतो, बैल चिखलात रुततात, तंबूत हगवण शिरते. हे ठाऊक असल्यामुळे पावसाळ्यात फौजा घरी तरी परतत, नाहीतर चांगली जागा पाहून छावणी करून राहत.

ज्यांचं घरच गेलं त्यांना परतायची सोय नसते. भूकंप, फाळणी, दरड यांतून वाचलेली माणसं मिळेल त्या मोकळ्या जागेवर वसवली जातात आणि पहिला पाऊस त्यांना तिथेच गाठतो. सरकारी बांधकामावर अभियंता म्हणून मी नोकरी केली. त्या नोकरीने मला एक गोष्ट पटवली, की अशा वसाहतीचं भवितव्य छपरापेक्षा चरावर ठरतं.

आपल्या भागातलं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्याच खाडीच्या वरच्या अंगाला आहे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याची ये-जा होती म्हणून कल्याणजवळ, उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर, लष्करी संक्रमण तळ उभा राहिला. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपल्यावर त्या रिकाम्या पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं तिथे आणली गेली. एकेका लांब बराकीत गोणपाटाचे, चादरींचे पडदे लावून कुटुंबं राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथले लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतात.

बराकी तयार होत्या म्हणून ती माणसं पावसापासून वाचली, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण तळ आखला होता पुढच्या गाडीने निघून जाणाऱ्या सैनिकांसाठी. कुटुंबाचं पाणी वेगळं असतं. चूल, भांडी, धुणं, लेकरांची अंघोळ, बाळंतिणीची मोरी असं सांडपाणी दिवसभर वाहत असतं. पावसाचं पाणी चार महिने जोरात येऊन निघून जातं. सांडपाणी बारा महिने थोडं थोडं येतं आणि जागेवरच साचून कुजतं. दोन्हींना एकच गटार दिलं तर पावसाळ्यात ते तुंबतं आणि उन्हाळ्यात त्यात डास वाढतात. छावणीचं गाव झालं, गावाचं शहर झालं. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरात 5 लाखांवर लोक होते, आणि जागा जेमतेम 13 चौरस किलोमीटर. मोकळी जमीन बांधकामांनी भरली, तसे उताराचे रस्तेही बुजले.

शेवटी सगळ्यांनी पाणी सोडलं ते वालधुनीत. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 साली बांधलं गेलं ते या नदीच्या काठी, कारण तेव्हा ती काठावर देऊळ बांधावं अशी नदी होती. पुढे तिच्यात वस्त्यांचं सांडपाणी आलं, कारखान्यांची रसायनं आली, जीन्स धुण्याचं निळं पाणी आलं. 26 जुलै 2005 च्या पावसात ती काठ सोडून कल्याण-उल्हासनगरच्या घरांत शिरली. वालधुनी उल्हासला मिळते, उल्हासचं पाणी घोडबंदरावरून वसईच्या खाडीत येतं आणि चौकपाशी समुद्राला मिळतं. कल्याण कॅम्पात जे पाणी नीट वळवलं गेलं नाही, ते आमच्या कोळी बांधवांच्या जाळ्यापर्यंत पोचलं आहे. यात निर्वासितांचा दोष नाही. त्यांनी त्या ओसाड तळावर कष्टाने शहर उभं केलं. त्यांना जागा देतानाच पाण्याची वाट राखून द्यायला हवी होती.

पाण्याची वाट राखून देण्याचं हे काम मी किल्लारीत जवळून पाहिलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे 8 हजार माणसं गेली आणि पाठोपाठ पाऊस आला. लोकांसाठी पत्र्याच्या शेड उभ्या राहू लागल्या. काळ्या मातीचं रान ते. कोरडं असताना भेगाळतं, ओलं झालं की फुगतं, पाणी मुरू देत नाही. तिथे शोषखड्डा खणला तर तो हौदासारखा भरून राहतो. उभ्या कडेचा चर काढला तर कडा ढासळून तो बुजतो. दोन्ही कडा उतरत्या ठेवाव्या लागतात. आम्ही लेव्हल घेत होतो, तेव्हा एक म्हातारे शेतकरी जवळ आले.

“सायेब, पाणी हिकडून येत नाही. त्या वरच्या बांधावरनं येतंय. आधी तिथं आडवा चर मारा.”

“बाबा, दरवर्षी तिकडूनच येतं का?”

“माझा जलम ह्याच रानात गेला.”

शेडच्या ओळींच्या वर आडवा चर काढून बाहेरचं पाणी बाहेरूनच ओढ्याकडे वळवायचं, हे त्यांनी सांगितलेलं सूत्र पुस्तकातही आहे. मग प्रत्येक ओळीमागे गटार, मुरमाचं जोतं, पाण्याच्या तोटीखाली फरशी आणि तिथून बाहेर पडायला नाली. तोटीखालचा चिखल हा छावणीतला पहिला रोग. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली गेली, पण तोपर्यंत 1994 चा अख्खा पावसाळा लोकांनी पत्र्याखाली काढला.

जगभरच्या मदत संस्थांनी 1997 पासून एकत्र बसून ‘स्फिअर’ नावाची मानकं तयार केली. त्यांच्या 2011 च्या आवृत्तीत छावणीच्या जमिनीचा उतार 1 टक्क्यापेक्षा कमी नको आणि 5 टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. कमी असेल तर पाणी साचतं, जास्त असेल तर माती वाहून जाते. छावणीचा सर्वांत खालचा भागही पावसाळ्यातल्या भूजलापेक्षा किमान 3 मीटर उंच हवा. कोकणपट्टीत असं सपाट आणि तरी निचऱ्याचं रान शोधायला संकटाच्या रात्री वेळ मिळत नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या ठाकर कुटुंबांसाठी कंटेनरची घरं लागली ती आमच्या गावाच्याच नावाच्या चौकजवळ, आणि तीही ऐन जुलैत. भर पावसात जागा शोधायची आणि भर पावसात चर खणायचे, अशी वेळ आपण पुन्हा स्वतःवर आणली.

ही वेळ टाळता येते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करावा लागतो. त्या आराखड्यात प्रत्येक तालुक्यासाठी छावणीच्या दोन जागा आजच नेमून ठेवाव्यात. एका पावसाळ्यात तिथे माणूस पाठवून पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं हे नकाशावर उतरवून घ्यावं, आणि तो नकाशा काढताना त्या रानात आयुष्य काढलेल्या शेतकऱ्याला, आदिवासी बाईला, कोळ्याला सोबत घ्यावं. वरचा आडवा चर आणि ओढ्यापर्यंतची वाट आधीच खणून ठेवावी. आपण बांधलेली तात्पुरती वस्ती पन्नास वर्षं टिकेल असं धरूनच तिचं गटार आखा. कल्याणला ती पाऊणशे वर्षं टिकली आहे.