सातव्या वर्षाचं गणित

नांदेडहून मामांचा फॉरवर्ड आला: ज्यूंच्या सातव्या वर्षी बाजार पडतोच, एसआयपी बंद कर.

आपल्या कोकणातले बेने इस्रायली तेली शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. सातव्या दिवशी माणसाला सुट्टी, तशी सातव्या वर्षी जमिनीला. तिला 'श्मिता' म्हणतात. शेत पडीक ठेवायचं, देणी माफ करायची. यात शेअर बाजार कुठंच नाही. पण 29 सप्टेंबर 2008 ला, श्मिताच्या शेवटच्या दिवशी, डाऊ जोन्स 777 अंकांनी पडला आणि लोकांना सूत्र सापडलं.

असं सूत्र मी लातूरलाही बसवून देतो. 1972-73 चा दुष्काळ? श्मिता. 30 सप्टेंबर 1993, किल्लारी? श्मिता लागून दोनच आठवडे झालेले. खरं सांगतो, हे जुळलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

मग न जुळणारं शोधलं. एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा श्मिता संपून सात महिने झाले होते. 1992 चा हर्षद मेहता घोटाळा, 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 3,934 अंकांनी पडला तो दिवस, दोन्ही बाहेर. आमच्याकडे असा कोड टेस्टिंगमध्येच परत येतो.

मामांना सगळं पाठवलंय. ब्लू टिक आली, उत्तर नाही. एसआयपी चालू आहे.