कृपा सदन ते मुक्तांगण

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आठवते. १८८३ साली इंग्लंडमधील फुलहॅम येथे अँग्लिकन धर्मभगिनी ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांची सेवा करीत असल्याचे रमाबाईंनी पाहिले. अशांवर ही माया कशासाठी, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा प्रसंग वाचून दाखविला. पुढे केडगावी अशा स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उभे राहिले.

आज हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने आम्हांपुढे आहे. अपराध, व्यसन आणि मनोविकार हे तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले, तर त्याला आसरा कोणी द्यावा? तुरुंगाला तो वेडा वाटतो आणि रुग्णालयाला गुन्हेगार.

महाराष्ट्रात वाट निघाली ती हळूहळू. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी व्यसनमुक्तीचे ‘कृपा’ केंद्र सुरू केले. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभारले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ३९ नुसार, किरकोळ गुन्ह्यातील व्यसनी आरोपी दोषी ठरल्यावर न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकते. मात्र त्याचे वय, चारित्र्य, पूर्वेतिहास व मानसिक स्थिती पाहून आणि त्याच्या संमतीने. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांनाही आजार मानले, आणि प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात मानसिक उपचारांची सोय असावी असे बंधन घातले.

तरीही संमती हाच अवघड उंबरठा ठरतो. उतावळ्या स्वभावाचा माणूस दोन दिवसांत उपचार सोडतो. संशयी माणूस डॉक्टरांसमोर तोंडच उघडत नाही. आपण लगेच म्हणतो, ‘याला सुधारायचेच नाही.’ पण ज्या स्वभावामुळे तो व्यसनात अडकला, तोच स्वभाव त्याला उपचारापासूनही दूर नेतो. मग त्या स्वभावालाच त्याच्या नालायकीचा पुरावा कसा मानावा? त्याचा स्वभाव ओळखून उपचाराची रीत बदलावी लागते.

विहिरीकाठी ख्रिस्ताने त्या स्त्रीला आधी दोष दिला नाही. तिच्याकडे पाणी मागितले. अर्ध्यावर उपचार सोडून परतलेला कोणी आपल्या धर्मग्रामात दिसला, तर प्रिय वाचकहो, आपणही संभाषणाची सुरुवात तशीच करू या.