चिमुकल्यांचा हॅलोविन, भीतीविना

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन भुताखेतांचा सण असला, तरी ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या मेळाव्यातून भुते वगळणेच इष्ट. सांगाड्यांची हौस मोठ्यांनी रात्री भागवावी. या वयात सोंग आणि सत्य यांतील सीमारेषा पुसट असते. मुखवटा चढवलेला बापही परका वाटतो. म्हणून फुलपाखरू, ससा असे पोशाख निवडावेत आणि सर्वांचे चेहरे उघडे ठेवावेत. मेळावा उजेड असतानाच, तासाभरात आटोपावा. लाल भोपळा कोरण्याऐवजी मुलांना रंगवू द्यावा. कोरलेला हवाच असल्यास आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. खाऊत कडक गोळ्या, पॉपकॉर्न, अखंड द्राक्षे नकोत. ती घशात अडकू शकतात. शेंगदाण्याच्या ॲलर्जीची चौकशी आमंत्रण देतानाच करावी.